कोप आणि कोपी

डिसेंबर अर्धा सरला की लातुरात दोन गोष्टी हमखास सुरू होतात. घरोघरी येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाच्या, भाज्यांची जमवाजमव, आणि मोबाइलवर सांताक्लॉजविरुद्धची मोहीम. मध्यंतरी माझ्या भाचीच्या शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर निरोप आला : पंचवीस तारखेला लेकरांना लाल टोपी घालून पाठवू नका, ही आपली संस्कृती नव्हे, त्या दिवशी घरी तुळशीची पूजा करा. खाली जोडलेल्या हातांची ही रांग. त्यात एका आईने भाबडेपणाने विचारलं, "मग पंचवीसची सुट्टी असते ती घ्यायची का नाही?" ग्रुप चिडीचूप.

सगळ्या निरोपांत कामाचा प्रश्न तेवढा एकच होता. हिवाळ्यातले सण आले की आपण 'सण कुणाचा' यावर हातघाईला येतो. सुट्टी कुणाला, यावर कुणी अवाक्षर काढत नाही. पहिल्या प्रश्नात फारसा दम नाही आणि दुसरा आपल्याला अडचणीचा आहे, असं माझं म्हणणं आहे.

आधी पहिला प्रश्न. आमच्या लातूर-धाराशिवकडे सगळ्यांत 'आपला' सण कोणता म्हणाल, तर येळवस. मार्गशीर्ष अमावस्येला आख्खं गाव रानात जातं. लातूर शहराचे रस्ते ओस पडतात, वर्तमानपत्रं दरवर्षी न चुकता 'अघोषित संचारबंदी' असं छापतात आणि जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात. पुण्या-मुंबईच्या माणसाला या सणाचं नावही माहीत नसतं, म्हणून तर तो आणखीच आमचा. पण पंचांगात 'वेळ अमावस्या' छापून आपण 'वेळे'चा अर्थ लावत बसतो, तेव्हा सीमेपलीकडे बिदर-कलबुर्गीत याच दिवसाला 'एळ्ळ अमावास्ये' म्हणतात, आणि कन्नडात एळ्ळु म्हणजे तीळ. आमच्या त्या दिवशीच्या तिळाच्या पोळीचा पत्ता तिथे लागतो. आंबील ज्या मडक्यात नेतात ती बिंदगी कन्नड. उभ्या पिकावर आंबील शिंपडतात तो आमचा चर, तिकडचा चरग. शिंपडताना 'ओलगे ओलगे सालम पलगे' अशी आरोळी देतात. गावागणिक तिचे शब्द बदलतात आणि अर्थ विचारला तर दहा माणसं दहा अर्थ सांगतात. अर्थ कळत नाही म्हणून कुणी आरोळी द्यायचं थांबलेलं मी पाहिलं नाही. १९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली, बिदर तिकडे गेलं, आम्ही इकडे आलो. सणाला कुणी सांगितलंच नाही.

आता ज्याला परका म्हणतो तो नाताळ पाहा. शब्दच पोर्तुगिजांचा, पण चारशे वर्षांत इतका मुरला की 'ख्रिसमस' आपल्याला इंग्रजी वाटतो आणि 'नाताळ' मराठी. जालन्याजवळ नारायण शेषाद्री या ख्रिस्ती झालेल्या मराठी ब्राह्मणाने एकोणिसाव्या शतकात बेथेल नावाचं गाव वसवलं. जालन्या-संभाजीनगरच्या मराठी ख्रिस्ती घरात पंचवीस डिसेंबरला केक असतो, तशा करंज्या आणि शंकरपाळ्याही असतात. ही माणसं इथे कालपरवा आलेली नाहीत. आणि 'ही आपली संस्कृती नव्हे' असं नाताळाबद्दल आपल्याआधी कोण म्हणून गेलं माहीत आहे? कट्टर ख्रिस्ती. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ साली नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. तो कायदा १६८१ पर्यंत टिकला. बायबलात पंचवीस डिसेंबर कुठे आहे, असा त्यांचा सवाल. स्कॉटलंडमध्ये तर नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ साली मिळाली. आपल्या ग्रुपवरच्या मंडळींना तिथे मानाचं पान मिळालं असतं.

तारखांचंही तेच. संक्रांत चौदा जानेवारीचीच, असं आपण छातीठोक सांगतो. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी संक्रांत होती. पृथ्वीचा आस हळूहळू फिरतो, निरयन पंचांग ताऱ्यांना धरून चालतं, म्हणून संक्रांत पुढे पुढे सरकते. आता ती बऱ्याचदा पंधराला येते. चांद्र महिन्यांची गंमत आणखी वेगळी. २०२४ साली आमची येळवस दोनदा आली, ११ जानेवारीला आणि ३० डिसेंबरला. २००० साली रमजान ईद अशीच जानेवारीतही आली आणि डिसेंबरातही. २०३० साली रमजानचा महिना दोनदा लागणार आहे. आपल्या अधिक महिन्यासारखी दुरुस्ती हिजरी सनाला नाही, त्यामुळे ईद तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. कुठल्याच तारखेवर कुणाचा सातबारा नाही.

एकाच तारखेत दोन गोष्टी कशा नांदतात, हे मराठवाड्याइतकं कुणाला कळावं? १४ जानेवारी १९९४ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव जोडून मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. १९७८ साली विधिमंडळाने ठराव केला तेव्हा गावोगाव दलित वस्त्या जाळल्या होत्या. त्यानंतर साडेपंधरा वर्षं गेली. आता दर चौदा जानेवारीला संभाजीनगरात विद्यापीठाच्या गेटवर निळ्या झेंड्यांचा सागर लोटतो आणि संक्रांतही त्याच दिवशी असली की गल्लीगल्लीत बायका सुगडांची वाणं घेऊन निघालेल्या असतात. गेटवर नतमस्तक होणारी म्हातारी आणि वाणात हळदी-कुंकू सांभाळत चाललेली सून एकाच शहर बसमध्ये शेजारी बसतात. 'गोड बोला' म्हणायला ज्यांना त्या दिवशी खरंच कारण आहे, ते गेटवर असतात, असं मला कधी कधी वाटतं. असो.

हिवाळ्याच्या सणांवर जगभरची माहिती देणारे लेख डिसेंबरात निघतात. सगळीकडे एकच सूत्र : रात्र मोठी, अंधार फार, म्हणून माणसाने दिवे लावले. स्वीडनमध्ये तेरा डिसेंबरला पोरी डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घालून निघतात, इराणात यल्दाच्या रात्री डाळिंबं-कलिंगडं फोडत पहाटेपर्यंत जागतात, चीनमध्ये घर जमवून पिठाच्या गोळ्यांचं गरम सूप पितात. ते सगळं खरं आहे. फक्त मराठवाड्याला लागू करायला गेलं की गडबड होते. आमच्याकडे हिवाळा हा शत्रू कधीच नव्हता. आमचा शत्रू एप्रिल-मे. युरोपातला हिवाळी सण साठवणीवर बेतलेला : खारवलेलं मांस, सुकामेवा, दारूत मुरवलेल्या फळांचा केक. बाहेर जमीन गोठलेली, मग कोठीतलंच काढायचं.

आमच्या सणात कोठीला हातच लावत नाहीत. काळी जमीन पावसाचं पाणी पोटात धरून ठेवते, शाळू त्या ओलीवर आणि दवावर वाढतो, आणि डिसेंबरात अवघं रान हिरवंगार उभं असतं. येळवशीची भज्जी हा त्या रानाचा हजेरीपटच. तुरीचे सोले, हरभऱ्याचे सोलाणे, वाल, वाटाणा, ओल्या शेंगा, वांगी, मेथी, पालक, कांद्याची पात, लसणाची पात, त्यावर चिंचेचं पाणी आणि बेसन. आई म्हणायची, भज्जीत काय घातलं ते सांगण्यापेक्षा काय घातलं नाही ते विचार. सोबत ज्वारी-बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि आंबील, म्हणजे ताकात शिजवलेलं ज्वारीचं पीठ, लसूण घातलेलं. नवख्याला पहिला घोट आवडत नाही आणि तिसऱ्या पेल्यानंतर तो झाडाखाली आडवा होतो. पुढच्या महिन्यात हुरडा, भोगीची भाजी, संक्रांतीच्या सुगडात बोरं, ऊस, हरभऱ्याचे ढाळे. सगळं ओलं, सगळं ताजं. म्हणून ओल गेली की आमचा सणही जातो. २०१५ च्या हिवाळ्यात कित्येकांनी बाजारातून भाजी विकत आणून रानात नेऊन शिजवली. पुढच्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. सांताक्लॉजने येळवशीचं जे काही वाकडं केलं असेल ते या एका दुष्काळापुढे कस्पटासमान आहे.

आणि कोप. येळवशीची सगळी पूजा या कोपात. ज्वारीच्या कडब्याच्या पाच पेंढ्या वर बांधून खाली फाकवायच्या, त्यावर शाल किंवा नवं लुगडं घालायचं, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे. ते पाच पांडव. लहानपणी मला त्या कोपात शिरून बसायचं असायचं आणि दर वर्षी मी मार खायचो. आमचं रान निलंगा तालुक्यात, चार एकर. वडिलांची नोकरी असल्यामुळे सालगडी होता. पाडव्याला साल धरायचं, पुढच्या पाडव्याला सोडायचं. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. कोप मामाच बांधायचे. दगड तेच आणायचे, चुना तेच लावायचे, विहिरीवरून पाणी तेच शेंदायचे, आणि दिवस मावळला की हेंडगा पेटवून पिकाभोवती फिरवायलाही तेच. जेवायला आमच्या पंगतीत असायचे. येळवशीला रानातून जाणाऱ्या कुठल्याही माणसाला हाक मारून जेवायला बसवतात, जात-धर्म विचारत नाहीत, याचा आम्हाला रास्त अभिमान आहे. पण मामांची येळवस कधी, हा प्रश्न मला चाळिशी ओलांडल्यावर पडला. त्यांना जमीन नव्हती. त्या दिवशी त्यांची बायको दुसऱ्या कुणाच्या तरी रानात भांडी घासत असणार. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, हे आम्ही देवाची शपथ घेतल्यासारखं पाळत होतो. बैलाला वर्षातून एक हक्काची सुट्टी होती. मामांना नव्हती.

रोमन लोकांचा सॅटर्नालिया नावाचा सण डिसेंबरात असायचा. त्यात मालकांनी गुलामांना वाढायचं अशी रीत होती. सणाचे दिवस संपले की गुलाम पुन्हा गुलाम. त्यापेक्षा मला इंग्रजांचा सव्वीस डिसेंबर जास्त प्रामाणिक वाटतो. पंचवीसला मालकाच्या घरी राबलेल्या नोकरांना सव्वीसला रजा आणि बक्षिसाची पेटी मिळायची, म्हणून तो बॉक्सिंग डे. १८७१ च्या कायद्याने ती बँक हॉलिडे झाली. सण साजरा व्हायला कुणाला तरी राबावं लागतं, हे निदान त्या तारखेने कबूल केलं. आपल्या पंचांगात अशी तारीख नाही.

आता दुसरी कोपी. आमच्याकडे देवाचा तो कोप आणि माणसांची ती कोपी; शब्द एकाच घरचा. दसरा-दिवाळी झाली की बीड, धाराशिव, जालन्याच्या कोरडवाहू भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार इकडची गावं दोन-चार म्हाताऱ्यांवर आणि कुत्र्यांवर सोडलेली असतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत सुटका नाही. फडाच्या कडेला पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी, आत तीन दगडांची चूल. मार्च-एप्रिलपर्यंत हेच घर. म्हणजे चंपाषष्ठी, माळेगावची यात्रा, येळवस, नाताळ, संक्रांत, मराठवाड्याचा सगळा हिवाळी सणवार ज्या महिन्यांत येतो, नेमक्या त्याच महिन्यांत मराठवाड्यातली लाखो माणसं मराठवाड्यात नसतात. आणि एखादा दिवस कामाला दांडी मारली तर पैसे मिळत नाहीत एवढ्यावर भागत नाही, वर दंड बसतो. त्याला खाडा म्हणतात. पाळीतही खाडा पडू नये म्हणून गर्भाशय काढून घेतलेल्या बीडच्या बायकांचा प्रश्न २०१९ साली विधान परिषदेत गाजला. ज्या माणसाला आजारपणाचा खाडा परवडत नाही, त्याला सण कुठून परवडणार?

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामगाराला वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या आहेत : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आणि उरलेल्या चार मालक-कामगारांनी आपसात ठरवायच्या. त्या चारांत नाताळ घ्या, ईद घ्या, येळवस घ्या, चौदा एप्रिल घ्या, सरकारला काही देणंघेणं नाही. ही मला फार शहाणपणाची तरतूद वाटते. धर्माचा वाद तिने चार रिकाम्या रकान्यांत मिटवला. पण ऊसतोडवाला या कायद्याच्या कक्षेतच येत नाही. कारखान्याच्या कायम कामगाराला रजा आहे, बोनस आहे. फडातला माणूस कागदावर कारखान्याचा नसतोच, मुकादमाचा असतो. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, चांगलं झालं. पण आपल्याकडे भांडण टनाच्या दरावर होतं, दिवसावर होत नाही.

यावर साखर धंद्यातले जाणकार मान हलवून म्हणतात, कारखाना थांबवता येत नाही. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं, साखरेचा उतारा पडतो. त्यांचं खोटं नाही. पण गाळपाच्या हंगामात कारखाना कधीच थांबत नाही, हेही खरं नाही. उसाच्या रसाचं कीटण नळ्यांत साचतं, ते खरवडून काढायला अधूनमधून गाळप थांबवावंच लागतं. नळ्यांना विश्रांती मिळते, ती यंत्राची गरज म्हणून. नियोजन त्याप्रमाणे होतं. तसंच एखादं नियोजन संक्रांतीच्या किंवा येळवशीच्या आसपास, टोळ्यांना पाळीपाळीने, बिनखाड्याचं आणि हजेरीच्या पैशासह करता येणार नाही, असं मला कुणी पटवून दिलेलं नाही. रेल्वे दिवाळीला बंद नसते, तरी गार्डाला रजा मिळतेच.

अशा मागणीला आपल्याकडे जुना आधारही आहे. नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी साप्ताहिक सुट्टी मागितली, १० जून १८९० ला ती मिळाली. मागितला तो रविवार. गोऱ्या साहेबाच्या चर्चचा वार, म्हणून कामगारांनी तो नाकारला का? उलट, रविवार हा खंडोबाचा वार, असं सांगून तो आपलासा केला. आज सांताच्या टोपीवर निरोप पाठवणारा माणूस ज्या रविवारी दुपारी अंथरुणावर पडून ते निरोप पाठवतो, तो रविवार असा मिळालेला आहे.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप मला मान्य आहे. सणाचा बाजार होतोय, सांता हा त्या बाजाराचा दलाल आहे, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. फक्त त्याने हुरड्याकडेही बघावं. शेकोटीला आगटी म्हणणारी माणसं हायवेच्या कडेला माणशी दर लावून, बैलगाडीची फेरी धरून हुरडा विकतात. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजून हातावर चोळून देणारा गडी तिथे रोजंदारीवर असतो. तो सण आपला आहे म्हणून बाजार पवित्र होत नाही. आणि आमच्या शिवारात ज्वारीची जागा सोयाबीन-उसाने घेतल्यापासून कोपासाठी कडबा मागून आणावा लागतो. मागच्या खेपेला आमच्या बांधाशेजारच्या रानात उसाच्या वाढ्याचा कोप पाहिला. पांडव आत बसले होते, त्यांची काही तक्रार दिसली नाही.

२०२५ च्या संक्रांतीला मी एका कामानिमित्त पश्चिम महाराष्ट्रात होतो. रस्त्याच्या कडेला फड लागलेला, म्हणून गाडी थांबवली. बोलणं ऐकून केजकडची माणसं आहेत हे कळलं, त्यांनाही मी लातूरचा हे कळलं, आणि लगेच चहा आला. चाळिशीची बाई होती. कोपीतून वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेले तीळ आणि गुळाचा खडा घेऊन आली, दाताने खडा फोडला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला.

"घ्या दादा. गोड बोला म्हणायला घसाच राहिला नाही, थंडीनं बसलाय."

मी विचारलं, "ताई, यंदा येळवस कुठं केली?"

ती थांबली. मग मोळ्या बांधणाऱ्या नवऱ्याकडे वळून म्हणाली, "अवो, आवस कवा झाली वो?"

त्याने मान वर केली, बोटांवर काही तरी मोजलं. "झाली की. पंधरा दिस झाले. त्या राती आपण गाडी भरायला नव्हतो का, पार पहाटंपस्तोर."

"हां, ती व्हय," ती म्हणाली. तेवढ्यात बांधावर ट्रॅक्टर येऊन लागला, आणि उरलेले तीळ पदराच्या गाठीत बांधून ती मोळी उचलायला गेली.